बाथरूम नव्याने करताय? दहा वर्षांनीही डोळ्यांना खुपणार नाही असं कसं निवडावं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मोरीत खाली कोट्याची फरशी होती आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत सहा बाय सहा इंचाच्या साध्या पांढऱ्या टाइल्स. २००६ मध्ये आम्ही ती हौसेने उखडली. खाली गडद निळ्या टाइल्स, वर फिकट निळ्या आणि मधोमध डॉल्फिनची पट्टी. पाच-सहा वर्षांतच ते डॉल्फिन बघून पाहुण्यांची मुलंसुद्धा हसायला लागली. सासूबाई अजून म्हणतात, मोरी बरी होती.

तेव्हापासून आजवर नऊ बाथरूम माझ्या देखरेखीखाली झाली: आमची दोन, दिरांची मांजलपूरची, बहिणीची कारेलीबागेतली, भाचीच्या भायलीच्या फ्लॅटमधली दोन आणि बाकीची अशीच नात्यागोत्यातली. प्रत्येक वेळी कुणीतरी सल्ला देतं, 'न्यूट्रल रंग घ्या, म्हणजे जुनं दिसणार नाही.' हा सल्ला अर्धवट आहे. खालपासून वरपर्यंत सिमेंटी राखाडी, हेही न्यूट्रलच होतं. आज तसं बाथरूम बघितलं की ते कुठल्या सुमारास केलं असेल, हे मी दारातूनच सांगते.

१. आधी दोन याद्या करा

एका यादीत बदलायला हातोडा लागेल ते सगळं: भिंतीच्या टाइल्स, जमीन, भिंतीतले पाइप, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणारी खुंटी), भिंतीत बसवलेली फ्लशची टाकी, कोनाडा, ओटा. दुसरीत पाना-स्क्रूड्रायव्हरने निघेल ते: वरचे नळ, आरसा, दिवा, टॉवेलचा रॉड, कपाट, सीट कव्हर. पहिल्या यादीत हौस करायची नाही. सगळी हौस दुसऱ्या यादीत करा, तिथे पाहिजे तर मोरपंखी रंग लावा. माझं सगळं शहाणपण एवढंच, पण शोरूममध्ये पाऊल टाकलं की नेमकं हेच विसरायला होतं.

२. तोडफोड, पाइप, वॉटरप्रूफिंग

नेहमीसारखं. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन छत बघून या. पाइप झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा.

३. टाइल्स निवडणं

गाडी अडते ती इथेच. मीही तीनदा इथेच फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टाइल्सच्या कारखान्यांचं मोरबी आपल्याच गुजरातेत असल्यामुळे बडोद्यात टाइल्सचा तुटवडा नाही. इथे गोंधळ होतो तो भरमसाट पर्यायांमुळे. शोरूमवाला तुम्हाला सुटी टाइल दाखवतच नाही, 'कॉन्सेप्ट' दाखवतो: खाली डार्क, वर लाइट, मध्ये हायलायटर म्हणजे चित्राची टाइल. 'बेन, आ तो लेटेस्ट छे.' लेटेस्ट आहे म्हणजेच दोन वर्षांनी नसेल, एवढं लक्षात ठेवा. हायलायटरला माझी साफ मनाई आहे. फुलं, कॉफीचे कप, गारगोट्या, बांबू, काहीही असो. सगळ्यात आधी शिळी होते ती हायलायटरची टाइल, आणि भिंत फोडल्याशिवाय ती निघत नाही.

दुसरी मनाई नकलेला. टाइलवर छापलेलं लाकूड, छापलेली वीट, छापलेलं टेराझो, सोनेरी शिरांचा छापील संगमरवर. छपाईचं तंत्र दर काही वर्षांनी सुधारतं आणि आधीची नक्कल उघडी पडते. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलची जमीन बघा. ते व्हेनिशियन मोझेक आजही शोभतं, कारण ते खरंच मोझेक आहे, मोझेकचं चित्र नव्हे. संगमरवराचा भास हवाच असेल तर शिरा अगदी पुसट घ्या आणि त्या डिझाइनमध्ये 'रँडम', म्हणजे शिरांचे वेगवेगळे छाप, किती आहेत ते विचारा. दोनच असतील तर तीच शीर एकाआड एक टाइलवर डोळा मारते.

मग घ्यायचं काय? एकरंगी पांढरी, मोतिया किंवा फिकट वाळूच्या रंगाची टाइल. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुकारांनी स्टेशनांच्या भिंतींना तीन बाय सहा इंचाच्या पांढऱ्या टाइल्स लावल्या. सव्वाशे वर्षं होत आली, तरी 'सबवे टाइल' अजून विकली जाते. मात्र या टाइलला सांधे फार येतात. बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक सांध्यावर क्षार बसतात, म्हणून ती बेसिनमागच्या भिंतीपुरतीच लावा.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. बहिणीच्या बाथरूमसाठी मी शोरूममधून फार सुंदर आयव्हरी टाइल निवडली. तिथल्या पिवळसर दिव्यांखाली ती साय धरलेल्या दुधासारखी दिसत होती. घरी लागली, शेजारी पांढराशुभ्र कमोड बसला, वर थंड पांढरी ट्यूबलाइट, आणि भिंतीला कावीळ झाली. टाइलमध्ये खोट नव्हती. दोन पांढरे रंग एकमेकांशेजारी उभे करून बघितले नव्हते, ही चूक माझी. बहीण काही बोलली नाही, पण त्या बाथरूमचं दार ती आजही पाहुण्यांसमोर पटकन ओढून घेते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. प्रत्येक पसंतीच्या दोन-दोन अखंड टाइल्स घरी आणायच्या. चार इंचाचा नमुना काही कामाचा नाही. त्या जुन्याच बाथरूममध्ये भिंतीला टेकवून ठेवायच्या, शेजारी ज्या कंपनीचा कमोड घेणार तिचं पांढरं झाकण. सकाळी खिडकीच्या उजेडात, रात्री दिव्यात, ओल्या करून आणि वर साबणाचं पाणी वाळू देऊन बघायच्या. आठवडाभर असू द्यायच्या. चौथ्या दिवशी जी टाइल तुमच्या लक्षातही येत नाही, ती घ्या. जिच्याकडे रोज लक्ष जातं ती कितीही आवडली तरी परत करा. हे ऐकून माझी भाची म्हणाली होती, 'मावशी, मग पैसे खर्च करून काय उपयोग?' तिच्या त्या बाथरूमला आता सात वर्षं झाली. अजून तिने एकदाही 'बदलू या' म्हटलेलं नाही.

आणि हो, कमोड आणि बेसिन पांढरंच, एकाच कंपनीचं, एकाच वेळी घेतलेलं. एके काळी गुलाबी आणि पोपटी कमोड-बेसिन लोकांनी हौसेने बसवले होते. आज त्यातलं बेसिन फुटलं तर जोडीचा रंग शोधत भंगारबाजार पालथा घालावा लागतो.

४. माप आणि मांडणी

शैली म्हटलं की लोक रंगाचं बोलतात. पण बाथरूम जुनाट दिसण्याचं निम्मं कारण वेड्यावाकड्या कापांत असतं. भिंतीला ३०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल आडवी लावली की सात ओळींत सात फूट उंची होते, म्हणजे साधारण दाराच्या चौकटीएवढी. टाइल्स आणि चौकट एका रेषेत संपतात आणि वर चार इंचाची चिंधी लावावी लागत नाही. जमिनीला ३०० बाय ३०० ची मॅट टाइल घेतली की तिचे सांधे भिंतीच्या सांध्यांशी जुळतात.

दोन बाय चार फुटांची मोठी टाइल पाच बाय सात फुटांच्या बाथरूमच्या जमिनीवर लावायचा हट्ट करू नका. जमिनीला जाळीकडे मीटरला दीड-दोन सेंटीमीटर उतार लागतो आणि मोठी टाइल काही वाकत नाही. मग कडिया (गवंडी) ती तिरकी कापतो, जमिनीवर पाकिटाच्या घडीसारख्या रेघा उमटतात, आणि पाणी साचायचं तिथे साचतंच.

काम सुरू व्हायच्या सकाळी कडियाबरोबर उभं राहून दारासमोरच्या भिंतीवर खडूने ओळी आखून घ्या. कापलेला तुकडा दारामागच्या कोपऱ्यात जाऊ दे. 'चालशे' (चालेल) हा शब्द कानावर आला की चहा मागवा, पण हटू नका.

५. सांधे

टाइल्समध्ये सारखी फट राहावी म्हणून दोन मिलिमीटरचे स्पेसर लावा. भरायला इपॉक्सी ग्राउट घ्या, टाइलपेक्षा अर्धी छटा गडद. पांढऱ्या सिमेंटात रंग कालवून भरायचे दिवस गेले. जमिनीला पांढरा सांधा तर कधीच नको, वर्षात तो चहाच्या रंगाचा होतो. इपॉक्सी टाइलवर सुकलं की निघता निघत नाही, म्हणून लावताक्षणी पुसून घ्यायला माणूस तिथेच उभा हवा.

६. नळ, डायव्हर्टर, टाकी

डायव्हर्टरचं धड भिंतीत गाडलं जातं आणि वरचे भाग सहसा त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे लागतात. म्हणून तो हातोड्याच्या यादीत येतो. बरीच वर्षं बाजारात असलेलं, ज्याचे सुटे भाग गावात मिळतात असं साधं मॉडेल घ्या. रंग क्रोमच. काळा, सोनेरी, रोझ गोल्ड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पाच वर्षांनी एक नळ बदलला की तो चारचौघांत परका दिसतो. क्रोम मात्र कुणाचंही कुणाशेजारी खपून जातं. शिवाय क्षारांचे पांढरे डाग काळ्या नळावर जितके दिसतात तितके दुसऱ्या कशावर दिसत नाहीत.

बादली ठेवायचा नळ विसरू नका. चकचकीत फोटोंत बादली नसते, आपल्या घरात असते. पाटाला आणि तिला जागा नसलेलं बाथरूम चार दिवसांत पसाऱ्याचं दिसतं, मग शैली कुठलीही असो.

७. कपाट आणि दिवा

बेसिनखालचं कपाट जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला टांगलेलं आणि डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण) घ्या. प्लायवूडचं नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या एका नातेवाइकांचं प्लायचं कपाट पापडासारखं फुगलं. टाइल्स पुसल्यावर होत्या तशा निघाल्या.

दिवा ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर, आरशाच्या दोन्ही बाजूंना. आरसा मात्र तुमच्या मर्जीचा. गोल, बदामी, पितळी चौकटीचा, काहीही आणा, तो दुसऱ्या यादीतला आहे.

८. उरलेल्या टाइल्स

मोजून येतील त्यापेक्षा दहा टक्के जास्त मागवा आणि वर एक अख्खा खोका. सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच बघा, भिंतीवर चढल्यावर नाही. आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये गीझरमागचा पाइप गळला, चार टाइल्स फोडाव्या लागल्या, आणि तोवर ते डिझाइन बंद झालं होतं. ठिगळ लावलेली ती भिंत मी तीन वर्षं रोज अंघोळ करताना बघितली.

खोका माळ्यावर टाइल्स उभ्या राहतील असा ठेवा आणि त्यावर जाड मार्करने बाथरूमचं नाव, शेड नंबर आणि ग्राउटचा रंग लिहा. पाइपचे फोटोही छापून त्यातच टाका, मोबाइल तोपर्यंत बदललेला असतो.