ए-स्कॅन शिकताना: प्रोब हातात घेण्याआधी

ऑप्टोमेट्रीच्या इंटर्नशिपमध्ये पहिल्याच महिन्यात माझ्या हातात ए-स्कॅनचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी डोळ्याची लांबी मोजणाऱ्या मशीनचा, प्रोब (डोळ्याला टेकवायची कांडी) आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवायच्या भिंगाची पॉवर काढायची, तर कॉर्नियापासून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागापासून) आतल्या पडद्यापर्यंतची लांबी लागते. प्रौढांमध्ये ती साधारण २३.५ मिमी. यात एक मिलिमीटर चुकलं, की ऑपरेशननंतरचा नंबर अडीच ते तीन डायोप्टरनं हुकतो. हे मला पाठ होतं. हाताला मात्र ते शिबिरातून आलेल्या एका आजींमुळे कळलं.

त्यांचा डावा डोळा २३.३ आला, उजवा २२.८. उजव्याची दहाही रीडिंग एकमेकांशी छान जुळत होती, म्हणून मी निर्धास्तपणे कागद पुढे केला. मॅडमनी तो परत दिला. "दोन डोळ्यांत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक आला की आधी आपल्या हातावर शंका घ्यायची. पुन्हा कर." हात हलका ठेवून पुन्हा केलं, तर २३.२! मी दहाही वेळा कॉर्निया सारखाच दाबत होते, म्हणून रीडिंग जुळत होती. डोळा दाबला की लांबी कमी येते, भिंग जास्त पॉवरचं निघतं आणि पेशंटला मायनस नंबर येतो. आजींना लांबचं धूसर दिसत राहिलं असतं, आणि त्यांना त्याचं कारणही कधी कळलं नसतं.

म्हणून सांगते, आकड्याआधी मशीनवरचा परत आलेल्या लहरींचा आलेख बघा. कॉर्निया, भिंगाची पुढची आणि मागची बाजू, मग पडदा, असे उंच स्पाइक ओळीनं दिसले पाहिजेत. पडद्याचा स्पाइक एकदम सरळ चढायला हवा. तो पायऱ्यापायऱ्यांनी चढला तर प्रोब तिरका आहे. त्यामागे स्क्लेराचा (डोळ्याच्या पांढऱ्या बाहेरच्या आवरणाचा) स्पाइकच नसेल, तर तुम्ही बहुतेक डोळ्याच्या नसेवर आहात. मला हे डोळ्यांत बसायला दोन महिने लागले.

केराटोमेट्री, म्हणजे कॉर्नियाच्या गोलाईचं माप, नेहमी आधी करा, कारण बधिर करणारा थेंब आणि प्रोबचा स्पर्श यांनी कॉर्नियाचा पृष्ठभाग बिघडतो. जमेल तिथे इमर्शन पद्धत शिकून घ्या. त्यात प्रोब आणि डोळा यांच्यामध्ये पाणी असतं, दाबायचा प्रश्नच येत नाही. प्रकाशानं मोजणारं मशीन याहून अचूक, पण पूर्ण पिकलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूतून त्याचा प्रकाश पलीकडे पोचत नाही. खेड्यांतून येणाऱ्या पेशंटमध्ये असे मोतीबिंदू आम्हाला पुष्कळ दिसतात, त्यामुळे प्रोबवरचा हात तयार हवाच.

आणि खुर्चीवर बसवतानाच विचारा, "काका, पडद्याचं ऑपरेशन झालंय का कधी? डोळ्यात तेल भरलंय का?" डोळ्यातल्या द्रवात आवाजाचा वेग सेकंदाला १५३२ मीटर, सिलिकॉन तेलात जेमतेम ९८०. मशीनमध्ये हा वेग बदलला नाही, तर साधा डोळा ३० मिमीच्या पुढे जातो. पेशंट हे आपणहून सांगत नाहीत; त्यांच्या लेखी ते ऑपरेशन कधीच संपलेलं असतं.