बोहो नदीची सफर : सेबू बेटावर गावकऱ्यांच्या होडीतून कसं फिरावं

सुरुवात नावाच्या घोळापासून करू, कारण पहिला दिवस तिथेच वाया जाऊ शकतो. रोमन लिपीत या नदीच्या नावात ‘जे’ आहे, पण उच्चार स्पॅनिश वळणाचा, बोहो. फिलिपिन्सच्या सेबू बेटावर उत्तरेला बोगो नावाचं शहर आहे, आग्नेय किनाऱ्यावर बोलहोऑन आहे, आणि शेजारच्या अख्ख्या बेटाचं नाव बोहोल! आपल्याला जायचंय ते सेबूच्या पश्चिम किनाऱ्यावर, आलोगिन्सानच्या हद्दीतल्या बोहो गावी. त्यामुळे गाडीवाल्याला नदीचं नाव सांगूच नका, ‘आलोगिन्सान’ म्हणा.

दुसरा घोळ ‘रिव्हर क्रूझ’ या शब्दांचा. सेबू शहरातल्या हॉटेलात ते उच्चारले की समोरचा बहुधा बोहोल बेटावरची लोबोक नदी सुचवतो. तिथे तरंगतं हॉटेल, बुफे, गाणीबजावणी. तेही मजेचं, पण ते प्रकरण वेगळं. इथे आहे हाताने वल्हवायची होडी आणि जेमतेम १.४ किलोमीटरची नदी. गावातल्या मच्छीमार-शेतकरी कुटुंबांनी २००९ मध्ये संघटना काढली. वल्हवणारे, माहिती सांगणारे, रांधणारे सगळे तिचेच सभासद. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांबरोबर कांदळवन पाहिलं असेल, तर जातकुळी लगेच ओळखू येईल.

आधी कळवा, मग निघा

न कळवता जाऊन थडकू नका. होड्या मोजक्या आणि जेवण माणसं मोजून बनतं. स्थानिक पर्यटन कार्यालयामार्फत किंवा संघटनेच्या फेसबुक पानावरून दिवस ठरवा. किती जण, मुलं किती, शाकाहारी किती, हे त्याच निरोपात लिहा.

भारतीय पासपोर्टवर जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चाची ऐपत दाखवणारे कागद जवळ हवेत. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच. पोचण्याआधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ या सरकारी साइटवर नोंदणी करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइटपासून सावध राहा.

महिना कोणता? माझं मत फेब्रुवारी ते मे. नैऋत्येचा पाऊस तिथेही जूनपासून असतो, आणि वादळांचा धोका वर्षअखेरपर्यंत टळत नाही: ओडेट चक्रीवादळ सेबूवर आलं ते १६ डिसेंबर २०२१ ला. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी शहरात सिनुलोगचा उत्सव असतो. त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण.

भरती बघून वेळ ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नदी भरती-ओहोटीची आहे. भरतीला होडी सरळ झाडांच्या फांद्यांखालून जाते. ओहोटीला पाणी उतरतं आणि मुळांचा सगळा संसार उघडा पडतो. फोटोंसाठी भरती, बघण्यासाठी उतरतं पाणी. मी उतरतं पाणी निवडेन. फक्त कोकणातलं ‘तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ’ हे गणित तिथे लावू नका. ते आपल्या किनाऱ्याच्या वेळांवर बसवलेलं आहे, प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी. बुकिंग करतानाच विचारा, ते सांगतात. घड्याळ मात्र अडीच तास पुढे करा.

सेबू शहरातून आलोगिन्सान साठेक किलोमीटर. साउथ बस टर्मिनलवरून बस किंवा व्हॅन मिळते. गर्दीप्रमाणे दोन ते तीन तास धरा. शेवटचा टप्पा भाड्याच्या मोटरसायकलवर, तिला ‘हाबाल-हाबाल’ म्हणतात. भाडं बसण्याआधी ठरवा आणि सुटे पेसो बाळगा.

होडीत

बांगका ही अरुंद होडी. आपल्याकडच्या होडीला एका बाजूला तोल सांभाळणारी उलांडी असते, हिला बहुतेकदा दोन्ही बाजूंना. तरी चढताना मधोमध पाय ठेवा आणि लगेच बसा. लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घाला. वल्हवणारा वयाने मोठा असेल तर त्याला ‘नोंग’ म्हणा, बाईला ‘नांग’. आपल्या दादा-काकूसारखंच. ‘हिनाय-हिनाय’ म्हणजे हळूहळू, हा शब्द उपयोगी पडतो.

मोटर नसल्यामुळे आवाज फक्त वल्ह्याचा. थोडं गप्प बसलात तर खंड्या दिसेल, बगळे दिसतील. कांदळाच्या फांदीवरून हिरव्या लांब शेंगा लोंबताना दिसल्या, तर होडी थांबवायला सांगा. दिसायला शेवग्याची शेंग, पण ते रोप आहे: बी झाडावरच रुजतं, खाली कोंब वाढवत राहतं आणि मग चिखलात पडतं किंवा पाण्याबरोबर दूर जातं. तिथले लोक या झाडाला ‘बाकाव’ म्हणतात. महाराष्ट्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे निपा, चिखलातूनच झावळ्या वर काढणारा बिनखोडाचा माड वाटावा असा ताड. त्याच्या पानांनी छपरं शाकारतात, रसाचा व्हिनेगर करतात.

पुढे चुनखडीचे कडे जवळ येतात आणि नदी तान्योन सामुद्रधुनीत उघडते. समोर नेग्रोस बेट. हा पट्टा १९९८ पासून संरक्षित आहे, तरीही २००७-०८ मध्ये जवळच, पिनामुंगाहानसमोर, तेलासाठी विहीर खणली गेली. आलोगिन्सान आणि पिनामुंगाहानच्या मच्छीमारांसाठी कोर्टात याचिका गेली. दुसऱ्या एका याचिकेत तर अर्जदार चक्क डॉल्फिन आणि देवमासे होते, माणसं त्यांच्या वतीने उभी! प्राण्यांना दाद मागता येते का, हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने बाजूला ठेवला, पण एप्रिल २०१५ मध्ये तेलाचा करार रद्द ठरवला. गाइडला हा विषय काढून बघा. पाठ केलेली माहिती संपते आणि गप्पा सुरू होतात.

पोहायचं असेल तर मुखाशी, गाइड म्हणेल तिथेच. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा सदरा घाला.

जेवण

मासे खाणाऱ्यांची चंगळ. किनिलाव म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा मासा. पोटाची खात्री नसेल तर भाजलेला मासा घ्या. शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही, मासे आणि कोळंबी त्यात धरत नाहीत. ‘मासा नको, कोळंबी नको, गिनामोस नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा. गिनामोस म्हणजे खारवून आंबवलेल्या बारीक मासळीचा गोळा, तो भाजीतही सापडतो. तो वगळून केलेली ‘उतान बिसाया’ मागा. त्यात शेवग्याचा पाला, भोपळा, भेंडी. चव परकी वाटत नाही.

भात पुसोमध्ये येतो, नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला. पुडी उसवत बसायची नसते. मधोमध सुरी घालून दोन भाग करायचे आणि भात तसाच दाबून बाहेर काढायचा.

शहराकडे परतायची शेवटची गाडी किती वाजता, हे मात्र होडीत पाय ठेवण्याआधी विचारून ठेवा.