शूकेत फुगून बसतात का? या चुका टाळा

फ्रान्समधील बेकऱ्यांत शूकेत, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले छोटे गोळे, कागदी पिशवीत भरून मिळतात आणि शाळा सुटल्यावर चारच्या खाण्याला मुले ते आवडीने खातात. आत सारण नाही, वर क्रीम नाही. केवळ पोकळ, हलका गोळा आणि त्यावर न वितळलेली पांढरी साखर. झाकायला काहीच नसल्यामुळे प्रत्येक चूक उघडी पडते, आणि माझ्या मते बहुतेक चुका ओव्हनमध्ये नव्हे, तर त्याआधी गॅसवरच झालेल्या असतात.

१२५ मिलिलिटर पाणी, तितकेच दूध, १०० ग्रॅम बटर, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, १५० ग्रॅम मैदा आणि चार अंडी, असे प्रमाण घ्यावे. बटरचे मोठे तुकडे घातल्यास ते वितळेपर्यंत पाणी उकळून आटते, म्हणून ते बारीक चिरून घालावे आणि उकळी फुटताच गॅस बंद करून सगळा मैदा एकदम ओतावा. मोदकाची उकड करणाऱ्यांना हा टप्पा ओळखीचा वाटेल, पण तीच ओळख येथे घात करते. उकडीवर झाकण ठेवून आपण वाफ मुरवतो. येथे ती जाऊ द्यायची असते. गोळा पुन्हा मंद आचेवर ठेवून, पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत, दोन-तीन मिनिटे सतत परतावा. गोळा ओलसर राहिला तर त्यात अंडी कमी मावतात आणि शूकेत पसरट होतात.

गरम गोळ्यात अंडी शिजून गुठळ्या होतात, म्हणून तो कोमट होऊ द्यावा. तीन अंडी एकेक करून घालावीत. चौथे मात्र फेटून थोडेथोडे घालावे, कारण अंड्यांचा आकार सारखा नसतो. उलथन्यावरून मिश्रण त्रिकोणी लोंबू लागले की थांबावे. पातळ झालेच, तर कोरडा मैदा मुळीच मिसळू नये. अर्ध्या प्रमाणात नवा गोळा शिजवून त्यात हे मिश्रण थोडेथोडे घालावे.

साधी साखर वितळून तपकिरी होते. पर्ल शुगर, म्हणजे भाजताना न वितळणारी जाड दाण्यांची पांढरी साखर, न मिळाल्यास शुगर क्यूब जाडसर कुटून, भुकटी चाळून टाकून वापरावेत. बटर पेपर लावलेल्या ट्रेवर मिश्रणाचे छोटे गोळे घालावेत, त्यांना फेटलेले अंडे हलक्या हाताने लावावे, साखर सढळपणे पेरावी आणि ट्रे तिरका करून सुटी साखर झटकावी. नाहीतर ती बटर पेपरवर जळते.

१९० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे भाजावे, आणि पहिली २० मिनिटे दार उघडू नये. यात बेकिंग पावडर नसते. फुगवण्याचे काम वाफच करते, आणि कवच घट्ट होण्याआधी थंड हवा लागली की गोळे बसतात. वरचा रंग पाहून फसू नये: भेगाही सोनेरी दिसल्या पाहिजेत. मग प्रत्येक गोळ्याला बाजूने टोचून, बंद केलेल्या ओव्हनमध्ये दार किंचित उघडे ठेवून पाच मिनिटे सुकू द्यावे. हवाबंद डब्यात ते मऊ पडतात. तसे झाल्यास १५० अंशांवर पाच मिनिटे ठेवावेत.