कपाशी फवारणी : "पंपाला किती?" विचारण्याआधी एकराचं पाणी मोजा

पावसाने उघडीप दिली की कपाशीवर तुडतुडे-फुलकिडे उसळतात आणि घाईघाईत टोपणाने औषध ओतलं जातं. पंप कुणाचा 10 लिटरचा, कुणाचा 16, कुणाचा 20. टोपणही प्रत्येक बाटलीचं वेगळं. मग पानं तरी करपतात, नाहीतर कीड तशीच राहते आणि दुकानदार आणखी महागडी बाटली पुढे करतो.

औषध एकरावर ठरतं. इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल (17.8 टक्के तीव्रतेचं पातळ कीटकनाशक) कपाशीला एकरी 40 ते 50 मिली. आधी साध्या पाण्याने एक गुंठा (33 × 33 फूट) नेहमीच्या चालीने फवारा. 5 लिटर लागले तर एकराला 200 लिटर, म्हणजे 16 लिटरचे साडेबारा पंप. 50 भागिले 12.5, पंपाला 4 मिली. झाड वाढलं आणि गुंठ्याला 6 लिटर लागले, तर 15 पंप होतात आणि पंपाला जेमतेम 3.3 मिली पडतं. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, पाच रुपयांचं काम आहे.

टक्केवारी बदलली की मात्राही बदलते. तेच औषध 70 डब्ल्यूजीमध्ये (70 टक्क्यांची, पाण्यात विरघळणारी दाणेदार पावडर) घेतलं तर 50 × 17.8 ÷ 70 = 12.7 ग्रॅम, लेबलही एकरी 12 ते 14 ग्रॅमच सांगतं. "पावडर भारी आहे" म्हणून 50 ग्रॅम टाकली, तर चौपट विष गेलं. बीटी बियाण्याला बहुधा हेच औषध आधी चोळलेलं असतं, तेव्हा लागोपाठ तेच नको.

"पॉवर पंपाला तिप्पट" हा सल्ला पेट्रोलच्या पंपासाठी आहे. तो एकराला साधारण 60 लिटरच पाणी घेतो, म्हणून 10 लिटरला 8 मिली येतं. बॅटरीचा पंप साध्या पंपाइतकंच पाणी टाकतो. त्यात तिप्पट टाकलं की पिकालाही धोका आणि फवारणाऱ्या माणसालाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे विसरू नका.

16 लिटरच्या पंपात 4 ऐवजी 10 मिली पडलं? 4 मिलीला 16 लिटर, तर 10 मिलीला 40. ड्रममध्ये ओतून 24 लिटर पाणी वाढवा. पंपातलं थोडं सांडून वर पाणी भरणं हा अंदाजपंचे कारभार झाला.

इतर कामे :
- पानामागे 2-3 तुडतुडे किंवा 10 फुलकिडे दिसले तरच फवारणी
- त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क : 5 किलो निंबोळीचा गाळलेला अर्क 10 लिटर करा, 16 लिटरच्या पंपात त्यातला 1.6 लिटर
- नॉझल साफ
- हातमोजे, मास्क, वाऱ्याकडे पाठ
- टॉनिक मिसळू नये

तुडतुडे बहुधा कडेच्या ओळींत आधी दिसतात, असा आमचा अंदाज. तिथली खालची पानं उलटून पाहा. पानावरून थेंब ओघळू लागले की चाल वाढवा. ते औषध मातीतच जातंय.