स्टार रेल्म्स जिंकायचाय? आधी स्वतःचा डेक हलका करा

पत्ते आणि स्पेसमधली लढाई दोन्ही आवडत असतील तर स्टार रेल्म्स खेळाच. २०१४ साली आलेला गेम आहे, रॉब डॉहर्टी आणि डार्विन कॅसल यांनी बनवलाय, दोघंही मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या गेमचे जुने प्रो खेळाडू आणि ते खेळताना जाणवतं. ॲप आहे, ऑनलाइन कुणाशीही खेळता येतं. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की डेक (म्हणजे स्वतःच्या कार्डांचा गठ्ठा) घरून बनवून आणायचा नसतो, दोघांची सुरुवात सेम टू सेम, चांगलं कार्ड हवंय तर ते डाव चालू असतानाच विकत घ्यायचं.

नियम पटकन सांगतो. दोघांकडे ५० ऑथॉरिटी, म्हणजे जीव. समोरच्याचा शून्यावर आणला की जिंकलात. सुरुवातीला दहा कार्डं, त्यात ८ स्काउट (प्रत्येकी १ ट्रेड, म्हणजे पैसा) आणि २ व्हायपर (प्रत्येकी १ कॉम्बॅट, म्हणजे मार). पहिला खेळणारा पहिल्या टर्नला तीनच कार्डं उचलतो, बाकी दर टर्नला पाच. मधे पाच कार्डांची ट्रेड रो असते, तिथून खरेदी करायची, घेतलेलं कार्ड आधी तुमच्या डिस्कार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या गड्डीत) जातं आणि पुढच्या पिसणीनंतरच हातात येऊ शकतं. उरलेला ट्रेड पुढच्या टर्नला मिळत नाही, कॉम्बॅट पण नाही.

आता खरा मुद्दा. नवीन लोक मोठमोठी जहाजं, म्हणजे महागडी कार्डं, घेत सुटतात आणि मग म्हणतात हातात येतच नाहीत. येणार कशी, हिशोब करा ना. चार भारी कार्डं घेतली तर डेक झाला १४ चा, पाचच्या हातात सरासरी दीड पण भारी कार्ड येत नाही. तेच सहा फालतू कार्डं काढून टाकली तर ८ च्या डेकमध्ये चार भारी, म्हणजे हातात सरासरी अडीच! म्हणून सुरुवातीला लाल कार्डं बघा, म्हणजे मशीन कल्ट हा गट. ट्रेड बॉट १ ट्रेडला, मिसाइल बॉट २ ला, सप्लाय बॉट ३ ला मिळतो, तिघंही हातातलं किंवा डिस्कार्डमधलं एक कार्ड स्क्रॅप करू देतात, म्हणजे ते डावातून कायमचं बाद. सप्लाय बॉट वर २ ट्रेड पण देतो, तो पहिल्या दोन-तीन टर्नला दिसला तर मी दुसरं काही बघतच नाही.

स्क्रॅप करताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. समजा हातात सप्लाय बॉट आणि चार स्काउट आहेत आणि डिस्कार्डमध्ये एक व्हायपर पडलाय, तर व्हायपर उडवा आणि चारही स्काउट खेळा, ६ ट्रेड पूर्ण मिळतात. हातातला स्काउट उडवलात तर त्याचा पैसा पण गेला. आणि एकदा खेळलेलं कार्ड त्या टर्नला स्क्रॅपला मिळत नाही, म्हणून बॉट आधी, बाकीचं नंतर.

रंगांचं फार टेन्शन घेऊ नका पण दोन रंगांवर जोर ठेवा, कारण एकाच रंगाची दोन कार्डं टेबलावर असली की अलाय पॉवर, म्हणजे कार्डावरची जादाची ताकद, चालू होते. हिरवे ब्लॉब म्हणजे नुसती मारामारी, निळं ट्रेड फेडरेशन पैसा आणि ऑथॉरिटी परत देतं, पिवळं स्टार एम्पायर समोरच्याला कार्ड टाकायला लावतं. ब्लॉब फायटर १ ला मिळतो आणि ३ कॉम्बॅट देतो, सोबत दुसरा ब्लॉब असला की वर एक कार्ड उचलायला मिळतं, स्वस्त म्हणून सोडू नका.

आउटपोस्ट, म्हणजे टेबलावर उभा राहून मालकाला वाचवणारा तळ, मात्र नीट समजून घ्या. समोर आउटपोस्ट उभा असेल तर तो पाडल्याशिवाय ऑथॉरिटीला हात लागत नाही, आणि तो एकाच टर्नमध्ये पूर्ण पाडावा लागतो, अर्धवट मारलेलं पुढच्या टर्नला मोजत नाहीत. पाडायला ५ कॉम्बॅट लागणारा आउटपोस्ट आणि तुमच्याकडे ४ कॉम्बॅट, तर ते चारही वाया.

कार्ड उचलायला देणारी जहाजं, जसं कॉर्व्हेट, सर्व्हे शिप, ती खरेदीच्या आधी खेळा, नाहीतर पैसा किती आहे ते कळायच्या आतच तुम्ही निर्णय घेऊन बसता. तसंच ट्रेड रोमधलं कार्ड घेतलं की तिथे लगेच नवं येतं, त्यामुळे दोन घ्यायची असतील तर नक्की हवंय ते आधी घ्या आणि काय उघडतंय ते बघा. नुसते सुटे पैसे संपवायला काहीतरी घेतलं तर समोरच्याला फुकटात मोठं जहाज उघडून द्याल.

समोरचा २०-२५ वर आला की पैशाची कार्डं घेणं थांबवा. एक्सप्लोरर (२ ट्रेड देणारं साधं कार्ड) असतील तर आता ते स्क्रॅप करा, त्या टर्नचा २ ट्रेड मिळतोच आणि वर २ कॉम्बॅट. आणि प्रत्येक खरेदीआधी स्वतःच्या उचलायच्या गड्डीत किती कार्डं उरलीत ते बघा, दहा उरली असतील आणि डाव दोन टर्नमध्ये संपणार असेल तर आज घेतलेलं जहाज हातात येणारच नाही, त्यापेक्षा समोरच्याला हवं असलेलं कार्ड उचलून त्याचं गणित बिघडवा.