‘सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट 2’ कसा बघावा

1987 चा हा भयपट बघायला बसलेले बरेच जण अर्ध्या तासात उठतात. कारण साधं आहे: 88 मिनिटांतली पहिली चाळीसेक मिनिटं बहुतांशी 1984 च्या पहिल्या भागातलीच आहेत. निर्मात्यांना जुनंच फुटेज नव्याने कापून हवं होतं. दिग्दर्शक ली हॅरीने त्यात नवं चित्रीकरण पदरात पाडून घेतलं. खरी मजा त्या नव्या भागात आहे, आणि तिथवर पोचायचं तर थोडी तयारी हवी.

पहिला भाग त्याच रात्री लावू नका. तेच खून दोनदा बघून डोकं भणभणतं. एकतर आठवडाभर आधी बघा, नाहीतर बघूच नका. गोष्ट इथे पुरेशी कळते. जुन्या फुटेजमध्ये लहान मुलांसमोर होणारे खून आणि लैंगिक अत्याचार आहेत, तेव्हा घरातली मुलं झोपल्यावरच लावा.

टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. चालू राहिलं तर सेकंदाला 24 फ्रेम्सचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ‘व्हिविड’ऐवजी ‘सिनेमा’ मोड ठेवा. लाल रंग दिसला की रिकी, म्हणजे सिनेमातला खुनी, बिथरतो, म्हणून लाल वस्तू नेमकी कधी चौकटीत येते ते दिसायला हवं. व्हिविडमध्ये सगळंच भडक होतं आणि ती खूण हरवते.

आता रिमोट खाली ठेवा. जुनी दृश्यं पळवायचा मोह होतो, पण त्यांच्या मधेमधे रिकी आणि मनोविकारतज्ज्ञाची मुलाखत पेरलेली आहे. रिकी झालेल्या एरिक फ्रीमनच्या भुवया इथेच कामाला लागतात: प्रत्येक शब्दाला वेगळी उचल. टेबलावरच्या टेपरेकॉर्डरवरही नजर असू द्या; त्याच्या फितीला पुढे काम आहे. आणि आईवडिलांचा खून झाला तेव्हा रिकी तान्हा होता हे लक्षात ठेवून त्याच्या ‘आठवणी’ ऐका. पटकथेतली ही फट बुजवलेली नाही, आणि एकदा दिसली की प्रत्येक फ्लॅशबॅक वेगळाच वाटतो.

छत्रीचा खून येतो तिथून सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहतो. मग बॅटरीच्या जंपर केबल, मग रस्त्यावरचा गोळीबार, आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणारा माणूस. ‘गार्बेज डे!’ (‘कचऱ्याचा दिवस!’) ही रिकीची आरोळी इंटरनेटवर एकटीच फिरते, पण सुटी क्लिप बघून तिची निम्मीच गंमत कळते. आधी तासभर दबलेल्या आवाजात बोलणारा माणूस अचानक ओरडतो, म्हणून ती बसते. इथे आवाज वाढवा, आणि सोबतीला चारपाच जण असतील तर उत्तमच.

शेवटी मदर सुपीरियरचा, म्हणजे अनाथाश्रमाच्या प्रमुख ननचा, चेहरा नीट बघा. पहिल्या भागातली नटी बदलली आहे, आणि गालावरचा तो जाड मेकअप अदलाबदल झाकायलाही कामी येतो.