पोस्टरच्या मागे काय छापायचं?

माझी भाची तेरा वर्षांची, सांगलीत आठवीत आहे. आमच्या पॉप संगीताच्या अंकाची पहिली प्रत हातात पडल्यावर तिने मुखपृष्ठावरून एकदा हात फिरवला, अंक पालथा केला आणि मागून चाळायला लागली. मधलं गायिकेचं पोस्टर सापडलं तशी नखाने पिना उचकटायला घेतल्या आणि थांबली. "मावशी, याच्या मागे तर तिचीच मुलाखत छापलीयस. मग मी पोस्टर लावू की मुलाखत ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इतकी वर्षं दिवाळी अंकांची आणि स्मरणिकांची मांडणी करत आले. ते अंक लोक जपतात, कपाटात रचून ठेवतात. त्याच सवयीने मी पॉप संगीताचा अंक लावला होता. पण तेरा वर्षांची मुलगी अंक जपत नाही, वापरते. ती पान फाडते, कापते, वहीत उतरवून घेते, दप्तरात कोंबते, मैत्रिणीला अर्धा देऊन टाकते. म्हणून आता कोणी असा अंक करायला घेतला, की मी आधी एकच विचारते: तुमचा वाचक अंकाचं नेमकं काय करणार आहे? रंग, फॉन्ट, कागद हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

"आमचा वाचक म्हणजे तरुणाई" असं कागदावर लिहिलं असेल, तर ते खोडा. बारा ते पंधरा वयाची शाळकरी मुलं आणि नोकरीला लागलेला पंचविशीतला मुलगा यांना एक अंक पुरत नाही. एकच मुलगी किंवा मुलगा डोळ्यांसमोर ठेवा आणि दोन-चार संध्याकाळी त्या वयाच्या मुलांमध्ये, त्यांच्या घरच्यांना सांगून, जाऊन बसा. मी शिकवणी सुटल्यावर भाचीच्या मैत्रिणींबरोबर बसले. कळलेल्या गोष्टी साध्याच होत्या. गाणी आईच्या फोनवर ऐकतात, तेही फोन मोकळा असेल तेव्हा. अंकाचे पैसे खाऊच्या पैशांतून येतात, म्हणजे तीस रुपयांच्या वर गेलं की दोघी-तिघींत एक. भिंतीवर काही चिकटवलं तर रंग निघतो म्हणून ओरडा बसतो. पोस्टर लागतं ते कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने. त्या दारावर आडवं पोस्टर मावत नाही. या एका गोष्टीने आमच्या पोस्टरचा आकार आणि दिशा दोन्ही ठरली: ए-थ्री, उभं.

वाचक बदलला की अंक किती बदलतो, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. निक लोगन यांनी १९७८ साली 'स्मॅश हिट्स' हे पॉप संगीताचं नियतकालिक सुरू केलं, ते शाळकरी वयाच्या मुलांसाठी. पंधरवड्याला निघायचं, लोकप्रिय गाण्यांचे शब्द पूर्ण छापायचं, मोठमोठे रंगीत फोटो द्यायचं. गाण्याचे शब्द हवे असणाऱ्या मुलांना ते हातात मिळत होते. त्याच अंकात काम केलेल्या डेव्हिड हेपवर्थ आणि मार्क एलन यांनी १९८६ साली 'क्यू' हे संगीताचंच मासिक काढलं. तेव्हा सीडी बाजारात आली होती आणि मोठ्या वयाचे, हातात पैसे असलेले लोक अल्बम विकत घेत होते. त्यांना काय घ्यावं हे ठरवायचं होतं, म्हणून 'क्यू'मध्ये परीक्षणांचा मोठा विभाग आणि लांब मुलाखती. माणसं तीच, विषयही तोच, पण दोन वाचक दोन वेगळ्या कामांसाठी अंक उघडत होते.

आता डमी, म्हणजे अंकाचा कच्चा नमुना. संगणक उघडण्याआधी ए-फोरचे आठ कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा आणि पिन मारा. बत्तीस पानांचा छोटा अंक तयार. प्रत्येक पानावर पेन्सिलीने आकडा घाला आणि मधला कागद ओढून काढा. १५, १६, १७ आणि १८ अशी चार पानं एकदम हातात येतील. पोस्टर १६-१७ वर असेल तर ते काढताना १५ आणि १८ जाणारच. माझी चूक नेमकी इथे झाली होती. मुलाखत १४ वर सुरू होऊन १५ वर गेली होती, म्हणजे पोस्टर फाडलं की मुलाखतीचं अर्धं अंग गेलं. आता आमची मुलाखत १४ वर संपते. १५ वर जाहिरात असते, १८ वर शब्दकोडं, जे एका दुपारी सुटून संपतं. मागच्या बाजूला दुसऱ्या कलाकाराचं पोस्टर छापावं असं सगळ्यांनाच सुचतं. ते करू नका. मुलांना एक आवडतं चित्र भिंतीकडे तोंड करून लावायला लागतं, आणि ते त्यांच्या मनाला लागतं.

पोस्टरची घडी कुठे पडते तेही डमीवर बघा. उभ्या पोस्टरच्या बरोबर मध्यातून आडवी घडी जाते आणि घडीवर दोन पिनांची भोकं असतात. चेहरा घडीच्या बराच वर हवा, पिनांच्या जागी कपडे किंवा पार्श्वभूमी. समूहाचा फोटो असेल तर फार जपायला लागतं. बीटीएस या कोरियन पॉप गटात सात जण आहेत. सातही जण एका ओळीत उभे असलेला फोटो आडव्या जोडपानावर मधोमध बसवला, की घडी चौथ्याच्या नाकावरून जाते. ज्या मुलीचा तोच लाडका, तिच्यासाठी अख्खा अंक वाया गेला. फोटो थोडा सरकवा, घडी तिसऱ्या-चौथ्याच्या मधून जाऊ दे. किंवा दोन रांगांतला फोटो शोधा.

फोटोंचं एक गणित पाठच करून टाका. छपाईला इंचाला तीनशे पिक्सेल धरतात. समाजमाध्यमावरून उतरवलेला १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो कागदावर जेमतेम नऊ सेंटिमीटर चांगला दिसतो. ए-थ्री पोस्टरला लांब बाजूने साधारण पाच हजार पिक्सेल लागतात. म्हणून फोटो कलाकाराच्या व्यवस्थापकाकडून किंवा छायाचित्रकाराकडून मागवा, परवानगीसकट. आमच्या भागातल्या मराठी रॅप करणाऱ्या मुलांनी तर मूळ फाइल आनंदाने पाठवल्या. त्यांना आजवर कोणी मागितल्याच नव्हत्या.

मुखपृष्ठ घरी मांडी घालून नका बघू, स्टॉलवर जाऊन बघा. एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवर अंक दोरीला चिमट्याने टांगलेले असतात, नाहीतर एकावर एक सरकवून ठेवलेले. चिमट्याखाली वरचा एक-दीड सेंटिमीटर जातो, सरकवलेल्या अंकांची फक्त वरची किंवा डावी पट्टी दिसते. नाव तिथेच हवं, पण अगदी कडेला चिकटून नको. देवनागरीत आणखी एक पेच आहे. 'ठेका'सारख्या नावात मात्रा शिरोरेघेच्या वर जाते, त्यामुळे अक्षरं लहान करावी लागतात. 'सरगम'सारखं नाव वर-खाली काहीच मागत नाही, तेवढ्याच उंचीत जास्त ठसठशीत बसतं. नाव ठरवताना ते मोठ्या अक्षरात लिहून बघा. फोटोतली नजर वाचकाकडे असू दे. मथळे चार-पाचच, आणि त्यांत विशेषणांऐवजी नावं: कोण आहे आत, कोणतं गाणं आहे.

अक्षरांबद्दल मी आग्रही आहे. इंग्रजी अंक बघून शीर्षकांची अक्षरं लांब लांब पसरवायची हौस असते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अक्षर उभं ताणलं की मात्रा काटक्यांसारख्या दिसतात. ठसठशीत शीर्षक हवं तर जाड वळणाचा फॉन्टच निवडा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'बालू' आणि 'मुक्त' हे दोन्ही फुकट मिळतात. 'बालू' शीर्षकाला गोलमटोल आणि खेळकर, 'मुक्त' मजकुराला. मजकूर अकरा पॉइंट आणि ओळींतलं अंतर सोळा-सतरा पॉइंट ठेवा. त्याखाली उतरलात तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. रंगीत फोटोवर बारीक पांढरी अक्षरं टाळा: छापताना चार रंगांतला एक जरी केसभर सरकला तरी बारीक रेघा बुजतात. मजकुराचा काळा नुसत्या काळ्या शाईतच द्या.

गाण्याच्या शब्दांचं पान मुलं वहीत उतरवून घेतात, म्हणून त्याला सगळ्यात शांत मांडणी द्या. पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट एकरंगी. ओळ तिथेच तोडा जिथे गाणारा श्वास घेतो. रकाना भरायचा म्हणून दोन ओळी जोडल्या की मुलांचा ठेका चुकतो आणि त्यांना लगेच कळतं. शब्दांचे हक्क गीतकाराचे किंवा कंपनीचे असतात. लेखी परवानगी नसेल तर गाणं छापायचं नाही, कितीही गाजलेलं असो. शेजारी गाणं ऐकायचा क्यूआर कोड द्या, किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा. फोन आईचा असतो, मिनिटं मोजकी असतात, पहिल्याच झटक्यात उघडायला हवा.

कागदावर मी पैसे वाटून खर्च करते. मधला पोस्टरचा कागद आणि मुखपृष्ठ जाड आर्ट पेपर, बाकी साधा. छापखान्यात देताना चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा चित्र सोडा. पानांचे आकडे कडेपासून आत घ्या, कारण पिन मारलेल्या अंकात मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचीच कड जास्त जाते.

छपाईच्या प्लेटा काढायच्या आधी खऱ्या आकाराची रंगीत डमी त्या वयाच्या एका मुलीला द्या, घरी न्यायला. सोबत कात्री आणि चिकटपट्टी द्या. चार दिवसांनी डमी परत मागा. काय उरलं, काय कापलं, कोणतं पान गायब आहे ते बघा आणि गायब पानाच्या मागे तुम्ही काय छापलं होतं ते तपासा.